सोलापुरी आहारातील हृदयोपयोगी वनस्पतिजन्य संयुगे व अमिनो आम्ले

अन्नातील ज्या वनस्पतिजन्य संयुगांचा आणि अमिनो आम्लांचा रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तवाहिन्यांची लवचिकता किंवा रक्त गोठण्याची क्रिया यांच्याशी संबंध असल्याचे संशोधनात आढळले आहे, त्यांना सामान्यतः हृदयोपयोगी अन्नघटक म्हटले जाते. सोलापूर जिल्ह्यातील, विशेषतः बार्शी, वैराग, मोहोळ व मंगळवेढा या ज्वारीच्या पट्ट्यातील पारंपरिक आहारात असे अनेक घटक आढळतात. ज्वारी, तूर, शेंगदाणा, जवस, करडई, कांदा, पालेभाज्या व डाळिंब ही त्यांची मुख्य साधने होत. हे अन्नपदार्थ उपयुक्त असल्याबद्दल आहारशास्त्रात बऱ्यापैकी एकमत आहे. मात्र त्यांतील एखादे द्रव्य वेगळे काढून गोळी वा चूर्णाच्या रूपात घेतल्यास तोच लाभ मिळतो, असे बहुतेक बाबतींत सिद्ध झालेले नाही. काही बाबतींत त्यातून अपाय झाल्याचेही दिसून आले आहे.

## पार्श्वभूमी

वैराग हे सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव बार्शी–सोलापूर मार्गावर वसले आहे. हा भाग अवर्षणप्रवण असून येथील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बी ज्वारी हे परंपरागत मुख्य पीक आहे. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सोलापूर येथे १९३३ मध्ये प्रारंभ झाला. स्थानिक मालदांडी ज्वारीतून १९३०च्या दशकात मोहोळ येथे निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही दख्खनमध्ये मोठ्या प्रमाणावर पेरला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

या भागातील नेहमीचे जेवण ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी किंवा वरण, एखादी पालेभाजी, कच्चा कांदा आणि शेंगदाणे, जवस किंवा कारळे यांची चटणी असे असते. मार्गशीर्ष अमावस्येला येणारी वेळ अमावस्या सोलापूर, धाराशिव व लातूर या पट्ट्यात शेतात जेवून साजरी केली जाते. त्या दिवशीची भज्जी तुरीचे व हरभऱ्याचे हिरवे दाणे, वाल, वाटाणे आणि अनेक पालेभाज्या एकत्र शिजवून केली जाते. तिच्याबरोबर ज्वारीचे पीठ व ताक यांपासून केलेले आंबील असते. तृणधान्य, कडधान्य, पालेभाजी आणि तेलबिया यांचा मेळ हे या भोजनाचे वैशिष्ट्य असून आहारशास्त्राच्या दृष्टीनेही तोच महत्त्वाचा मानला जातो.

हृदयविकार हा भारतातील मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका मध्यगा वयाच्या ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत हे वय सुमारे ५९ वर्षे आहे. तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटावरील चरबी, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव, मद्यपान आणि फळे-भाज्यांचे अपुरे सेवन हे घटक या अभ्यासात तपासले गेले. यांपैकी आहाराचा भाग माणसाच्या हाती असल्याने अन्नघटकांविषयीचे कुतूहल आणि त्यांची बाजारपेठ या दोन्ही गोष्टी वाढत गेल्या.

## वनस्पतिजन्य संयुगे

वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी, रंगासाठी किंवा वाढीच्या नियमनासाठी जी रसायने तयार करतात, त्यांतील अनेक मानवी पोषणास अत्यावश्यक नसतात. म्हणजे ती न मिळाल्यास जीवनसत्त्वाच्या अभावी होतो तसा रोग होत नाही. तरीही त्यांचा शरीरावर परिणाम होऊ शकतो.

### पॉलिफिनॉल

पॉलिफिनॉल हा सर्वांत मोठा गट असून फ्लॅव्होनॉइड, अँथोसायनिन, टॅनिन आणि लिग्नन हे त्याचे उपप्रकार होत. नेदरलँड्समधील झुत्फेन शहरात ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी असल्याचे त्यात आढळले. या विषयातील पुढील संशोधनाला या अभ्यासाने मोठी चालना दिली.

कांद्यातील क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड त्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत अधिक असते. त्यामुळे कांदा सोलताना वरचे दोन-तीन थर टाकून दिल्यास त्याचा बराच अंश वाया जातो. सोलापूर ही कांद्याची मोठी बाजारपेठ असून भाकरीबरोबर कच्चा कांदा खाण्याची पद्धत या भागात सर्वत्र आहे.

डाळिंबात प्युनिकॅलाजिन हे टॅनिन व अँथोसायनिन ही रंगद्रव्ये असतात. प्युनिकॅलाजिन मुख्यतः सालीत आढळते व फळ सालीसकट दाबून रस काढल्यास रसात उतरते. नुसते दाणे खाल्ल्यास ते कमी मिळते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करून युरोलिथिन नावाची द्रव्ये बनवतात. ही क्षमता सर्वांच्या आतड्यांतील जिवाणूंमध्ये सारखी नसते. त्यामुळे एकाच फळाचा दोन व्यक्तींवर वेगवेगळा परिणाम होऊ शकतो.

### फायटोस्टेरॉल

फायटोस्टेरॉलची रचना कोलेस्टेरॉलसारखी असते. आतड्यात शोषणासाठी ती कोलेस्टेरॉलशी स्पर्धा करतात, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी शोषले जाते. दररोज सुमारे २ ग्रॅम फायटोस्टेरॉल घेतल्यास ‘वाईट’ समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ८ ते १० टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. परंतु १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ती साधारण ०.२ ग्रॅम एवढीच असतात. म्हणजे २ ग्रॅमची मात्रा केवळ नेहमीच्या जेवणातून गाठता येत नाही. वरील आकडे मुद्दाम फायटोस्टेरॉल मिसळलेल्या खाद्यपदार्थांचे आहेत.

### नायट्रेट

पालेभाज्या व बीट यांत नायट्रेट भरपूर असते. जिभेवरील जिवाणू लाळेतील नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. या वायूमुळे रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब थोडा उतरतो. जंतुनाशक द्रवाने वारंवार चुळा भरल्यास हे जिवाणू नष्ट होऊन हा परिणाम कमी होतो.

### लसणातील गंधकयुक्त संयुगे

लसूण ठेचल्यावर त्यातील विकराच्या क्रियेने ॲलिसिन तयार होते. अखंड पाकळीत ते नसते. ठेचलेला लसूण लगेच तापवल्यास विकर नष्ट होते व ॲलिसिन कमी बनते. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये लसणाच्या अर्कामुळे रक्तदाबात माफक घट झाल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे.

## अमिनो आम्ले

अमिनो आम्ले ही प्रथिनांची घटकद्रव्ये होत. त्यांतील नऊ आम्ले शरीरात तयार होत नसल्याने अन्नातूनच मिळवावी लागतात.

### आर्जिनिन व सिट्रुलिन

रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. नायट्रिक ऑक्साइड हा रक्ताभिसरणातील संदेशवाहक रेणू असल्याच्या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या शोधानंतर आर्जिनिनच्या गोळ्या व चूर्णे हृदयासाठी हितकर म्हणून विकली जाऊ लागली.

शेंगदाणा हे आर्जिनिनचे उत्तम साधन असून १०० ग्रॅम दाण्यांत ते सुमारे ३ ग्रॅम असते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, दाण्यांतून साधारण ०.९ ग्रॅम आर्जिनिन मिळते. तीळ, हरभरा व तूर यांतही ते आढळते.

सिट्रुलिन हे अमिनो आम्ल जपानी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलिंगडातून वेगळे केले आणि कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. ते प्रथिनांत नसते. आर्जिनिनचा बराच भाग आतडे व यकृत यांत खर्ची पडतो, तर सिट्रुलिन तेथून निसटून मूत्रपिंडात पोहोचते व तेथे त्याचे आर्जिनिन बनते.

### लायसिन, मिथिओनिन व ल्युसिन

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. तुरीच्या डाळीत ते भरपूर असते, पण मिथिओनिन कमी असते. दोन्ही एका दिवसाच्या आहारात आल्यास एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. भाकरी व आमटी या जोडीचे पोषणमूल्य दोहोंच्या वेगवेगळ्या मूल्यांपेक्षा अधिक असते ते यामुळेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. तूरडाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असतात. ज्वारीतील काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवल्यावर पचनास काहीसे जड होते. आंबवण्याने त्यात सुधारणा होते.

ज्वारीत ल्युसिन अधिक असते. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या मजुरांमध्ये आढळणाऱ्या पेलाग्रा या रोगाशी त्याचा संबंध असावा, असा विचार हैदराबाद येथील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडला. हे मत पुढे वादग्रस्त ठरले. मात्र एकाच धान्यावर गुजराण करण्याचे धोके त्यामुळे चर्चेत आले. सोबत डाळ, दूध व भाजी असलेल्या आहारात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

### ग्लुटामिक आम्ल

वनस्पतिजन्य प्रथिनांत ग्लुटामिक आम्लाचे प्रमाण अधिक असते. जपान, चीन, ब्रिटन व अमेरिका येथील ४,६८० व्यक्तींच्या ‘इंटरमॅप’ अभ्यासाचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण असे सांगते की, आहारातून हे आम्ल अधिक घेणाऱ्यांचा रक्तदाब किंचित कमी होता. हा निष्कर्ष अन्नातील प्रथिनांविषयी आहे. चवीसाठी वापरल्या जाणाऱ्या अजिनोमोटोसारख्या क्षाराला तो लागू करता येत नाही, कारण त्यातून सोडियमही शरीरात जाते.

### होमोसिस्टीन

होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल अन्नात नसते. ते शरीरात मिथिओनिनपासून बनते आणि ब-१२ जीवनसत्त्व, फोलेट व ब-६ यांच्या साहाय्याने त्याची विल्हेवाट लागते. या जीवनसत्त्वांची कमतरता असल्यास ते रक्तात साठते. त्याचे वाढलेले प्रमाण हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी निगडित असल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे.

पुण्यातील २०४ स्त्री-पुरुषांच्या तपासणीवर आधारित, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींच्या रक्तात होमोसिस्टीन वाढलेले आढळले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक हे या संशोधनातील एक सहलेखक होते. ब-१२ ची कमतरता हे त्याचे मुख्य कारण होते. ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही धान्यात, डाळीत किंवा भाजीत नैसर्गिकरीत्या उपयुक्त प्रमाणात नसते. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. भाकरी, डाळ, भाजी व चटणी असा आहार इतर सर्व दृष्टींनी चांगला असला, तरी त्यात दूध-ताकही पुरेसे नसल्यास ही उणीव राहतेच.

होमोसिस्टीन कमी केल्याने हृदयविकार टळतो का, हे पाहण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप-२’ (५,५२२ रुग्ण) व नॉर्वेतील ‘नॉर्व्हिट’ (३,७४९ रुग्ण) या चाचण्यांत ब-गटातील जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन घटले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यामुळे वाढलेले होमोसिस्टीन हे आजाराचे कारण आहे की केवळ लक्षण, हा प्रश्न खुला राहिला. ब-१२ ची कमतरता मात्र मज्जासंस्था व रक्त यांच्या दृष्टीने स्वतंत्रपणे महत्त्वाची असून तिच्यावर उपचार आवश्यक असतात.

## सोलापूर परिसरातील प्रमुख अन्नपदार्थ

### ज्वारी

भाकरीसाठी ज्वारी कोंड्यासह दळली जाते. त्यामुळे कोंड्यातील तंतुमय पदार्थ व फेरुलिक आम्लासारखी फिनॉलिक आम्ले पिठात टिकतात. लाल व काळ्या दाण्यांच्या ज्वारीत ३-डीऑक्सिअँथोसायनिडिन ही रंगद्रव्ये आढळतात. काही गडद वाणांत टॅनिनही असते. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा पांढरट असल्याने तीत ही द्रव्ये अल्प असतात. परदेशातील रंगीत ज्वारीवरील प्रयोगांचे निष्कर्ष सोलापुरी भाकरीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने ज्वारीविषयी अनेक दावे प्रसारात आले. त्यांतील तंतुमय पदार्थांविषयीचे दावे सर्वाधिक भक्कम आहेत.

### शेंगदाणा

खलबत्त्यात कुटून केलेली, तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरची ओळख मानली जाते. शेंगदाण्यात आर्जिनिन, फायटोस्टेरॉल, तंतुमय पदार्थ, मॅग्नेशियम व असंतृप्त मेदाम्ले असतात. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीत (७,४४७ व्यक्ती) दररोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट देऊन भूमध्यसागरी आहार घेणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात व हृदयजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. या चाचणीचा २०१३ मधील शोधनिबंध कार्यपद्धतीतील त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये फेरविश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. त्यात शेंगदाणा तपासला गेला नव्हता. निरीक्षणात्मक अभ्यासांत मात्र शेंगदाण्याचाही तसाच संबंध दिसतो. चटणीतील मीठ हा या पदार्थाचा कच्चा दुवा आहे. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते, म्हणून असे दाणे टाकून देणे योग्य ठरते.

### करडई

सोलापूर जिल्हा करडईच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. येथील कृषी संशोधन केंद्रातून ‘भीमा’सारखे वाण विकसित झाले. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. ते कोलेस्टेरॉल कमी करते, म्हणून हे तेल दीर्घकाळ हृदयासाठी सर्वोत्तम म्हणून विकले गेले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या ४५८ पुरुष रुग्णांवर करडई तेलाची चाचणी झाली होती. तिच्या जुन्या नोंदींचे फेरविश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार करडई गटात कोलेस्टेरॉल घटूनही मृत्यू अधिक झाले होते (१७.६ टक्के विरुद्ध ११.८ टक्के). त्या गटाला दिलेल्या मार्गारीनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असण्याची शक्यता काही तज्ज्ञांनी दाखवली आहे. इतर अनेक अभ्यास संतृप्त मेदाऐवजी लिनोलेइक आम्ल घेणे हितकर ठरवतात. कोलेस्टेरॉल घटले म्हणजे मृत्यूही घटतीलच, असे गृहीत धरता येत नाही, याचे उदाहरण म्हणून या चाचणीचा उल्लेख होतो.

### जवस

जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ मेदाम्ल व लिग्नन भरपूर असतात. कॅनडातील ११० रुग्णांच्या चाचणीत (२०१३) पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्यांना दररोज ३० ग्रॅम दळलेले जवस सहा महिने देण्यात आले. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे १० मिमी व खालचा ७ मिमी कमी झाला. अखंड जवस बऱ्याचदा न पचता बाहेर पडते. भाजून कुटलेल्या चटणीत मात्र ते पचनास सुलभ होते.

### डाळिंब

सोलापूरजवळील केगाव येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे. या केंद्राने लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा जैवसंपृक्त वाण २०१७ मध्ये प्रसारित केला. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असते. व्यापारी लागवडीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा वाण प्रमुख आहे.

डाळिंबाच्या रसावरील आठ चाचण्यांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात वरचा रक्तदाब सुमारे ५ मिमी घटल्याचे आढळले. परंतु २८९ व्यक्तींना दीड वर्षापर्यंत दररोज २४० मिली रस देऊन केलेल्या अमेरिकेतील चाचणीत (२००९) मानेतील धमनीचा थर जाड होण्याच्या वेगात एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही. रसात फळातील तंतुमय पदार्थ उरत नाहीत व साखर पटकन शोषली जाते. त्यामुळे मधुमेहींना रसापेक्षा दाणे खाणे श्रेयस्कर ठरते.

### सोयाबीन

बार्शी तालुक्यात सोयाबीन हे महत्त्वाचे खरीप पीक झाले आहे. दररोज २५ ग्रॅम सोया प्रथिन हृदयास हितकर असल्याचा दावा वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली होती. ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच संस्थेने २०१७ मध्ये मांडला, कारण नंतरच्या चाचण्यांत एलडीएलमधील घट अल्प व अनियमित आढळली. या भागातील बहुतांश सोयाबीन तेल गिरण्यांकडे व पशुखाद्याकडे जाते. रोजच्या जेवणात त्याचा वाटा थोडा आहे.

### पालेभाज्या

दिल्ली व बंगळूर येथील हृदयविकाराचे ३५० रुग्ण आणि ७०० इतर व्यक्ती यांची तुलना करणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन-चार वेळा हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका, त्या क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक-तृतीयांश एवढाच आढळला. वैराग परिसरात मेथी, चुका, अंबाडी, तांदुळजा, घोळ व हरभऱ्याचा पाला खाल्ला जातो. घोळीच्या भाजीत अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते.

## पुराव्यांचे स्वरूप

अन्नघटकांविषयीचे पुरावे तीन पातळ्यांवर मिळतात. प्रयोगशाळेतील पेशी व प्राणी यांवरील प्रयोग क्रियेची शक्यता दाखवतात. निरीक्षणात्मक अभ्यास लोकसमूहातील संबंध दाखवतात, पण भाज्या अधिक खाणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. यादृच्छिक नियंत्रित चाचणी कार्यकारणभाव सर्वांत विश्वासार्ह रीतीने तपासते.

पहिल्या दोन पातळ्यांवर आशादायक ठरलेली अनेक द्रव्ये तिसऱ्या पातळीवर टिकली नाहीत. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी हृदयविकार कमी झाला नाही आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढला. ई जीवनसत्त्वानेही मोठ्या चाचण्यांत हृदयविकार टळला नाही. कोकोतील फ्लॅव्हॅनॉलच्या ‘कॉसमॉस’ चाचणीत (२०२२; २१,४४२ व्यक्ती) हृदयविकाराशी संबंधित एकूण घटनांत लक्षणीय घट झाली नाही. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र कमी आढळले.

आर्जिनिनचे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना दररोज एकूण ९ ग्रॅम आर्जिनिन सहा महिने देण्याचे ठरले. त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता व हृदयाची क्षमता सुधारली नाही. शिवाय आर्जिनिन गटातील ६ रुग्ण दगावले. औषधविरहित गोळी घेणाऱ्या गटात एकही मृत्यू झाला नाही, त्यामुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात, झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये असा निष्कर्ष काढण्यात आला. ९ ग्रॅम आर्जिनिन अन्नातून मिळवायचे तर सुमारे ३०० ग्रॅम शेंगदाणे खावे लागतील. गोळीतील मात्रा आणि ताटातील मात्रा यांतील हे अंतर अशा निष्कर्षांचा विचार करताना महत्त्वाचे ठरते.

## संयुगापासून औषधापर्यंत

वनस्पतिजन्य द्रव्य औषध म्हणून सिद्ध होण्यासाठी त्याची मात्रा, परिणाम व अपाय तिन्ही मोजावे लागतात. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ मध्ये या वनस्पतीतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले व ते जगभर वापरले गेले. पुढे त्यामुळे काही रुग्णांत नैराश्य येत असल्याची नोंद झाली व अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवर लिहिलेल्या ग्रंथातून हृदयावर क्रिया करणाऱ्या ग्लायकोसाइडांच्या अभ्यासाला सुरुवात झाली. याच वर्गातील विषारी द्रव्ये अंगणात व रस्त्याकडेला आढळणाऱ्या कण्हेर आणि बिट्टी या झाडांत असतात. त्यांचे बी वा पान पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू ओढवू शकतो. द्रव्य नैसर्गिक आहे एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

अमिनो आम्लांच्या बाबतीतही असे उदाहरण आहे. विदर्भात पिकणाऱ्या लाखेच्या डाळीत प्रथिनांत नसलेले एक विषारी अमिनो आम्ल असते. ही डाळ मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ खाल्ल्यास पायांचा कायमचा लुळेपणा येऊ शकतो.

## सावधगिरी

* रक्त पातळ करणारी औषधे: वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. भाज्या बंद करण्याऐवजी त्यांचे प्रमाण स्थिर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.
* मूत्रपिंडविकार: डाळी, पालेभाज्या व डाळिंब यांतील पोटॅशियम मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना घातक ठरू शकते.
* पपनस व ग्रेपफ्रूट: यांतील द्रव्यांमुळे काही स्टॅटिन व रक्तदाबाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.
* लसणाचा अर्क: मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्याची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.
* मीठ: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. चटणी, लोणचे, पापड व खारे दाणे यांतून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

छातीत दुखणे, दरदरून घाम येणे किंवा अचानक धाप लागणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कोणताही अन्नपदार्थ, अर्क वा काढा उपचार ठरत नाही. बंद झालेली धमनी जितक्या लवकर उघडली जाईल तितका हृदयाचा अधिक स्नायू वाचतो. त्यामुळे घरगुती उपायांत गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका मिळते. हृदयविकार, रक्तदाब वा मधुमेह यांची चालू औषधे केवळ आहारात बदल केला म्हणून स्वतःहून बंद करणेही धोक्याचे असते.

## आहारविषयक मतैक्य

बहुतेक आहारशास्त्रीय संस्था एकेका संयुगाऐवजी संपूर्ण आहाराचा विचार करण्याची शिफारस करतात. जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या, अखंड धान्ये, कडधान्ये, थोडा सुकामेवा वा तेलबिया, कमी मीठ व कमी साखर यांवर भर देते. भारतात तेल व वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली.

या कसोटीवर सोलापूर परिसराचे जुने जेवण बरेचसे उतरते. कोंड्यासह दळलेली ज्वारी, रोजची डाळ, हंगामी पालेभाजी व मूठभर तेलबिया या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. चटणी-लोणच्यातील मीठ, तेलाचा सढळ हात, फळांचे अल्प प्रमाण आणि ब-१२ ची उणीव या त्याच्या उणिवा आहेत. गेल्या काही दशकांत स्वस्त गहू व तांदूळ, तळलेले व बेकरीतील पदार्थ आणि साखरेचा चहा यांनी ज्वारीची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे.

## हेही पाहा

* ज्वारी
* डाळिंब
* करडई
* वेळ अमावस्या
* हृदयविकार
* बार्शी तालुका